सोळा जोड

पायांत व्यंग असलेल्या मुलांसाठी तो खास बूट शिवायचा. हे साधे बूट की उपचाराचं साधन, यावरून कर खात्याशी वाद झाला आणि खात्याने त्याच्या कारखान्याला सील ठोकलं. आत त्याची सगळी हत्यारं होती आणि द्यायला तयार असलेले सोळा जोड.

वाद चालू राहू दे, पण सील आधी काढा, असा हुकूम कोर्टाने महिन्याभरातच दिला. तो कागद घेऊन गेला की अधिकारी म्हणायचे, "कोर्टाला काय जातंय सांगायला! वरून लेखी येऊ दे, मग बघू." असे तीन हुकूम फायलीत पडून राहिले. दोन वर्षांनी न्यायाधीशांनी अवमानाबद्दल अधिकाऱ्यांनाच हजर राहायला सांगितलं, तेव्हा कुठे तारखेच्या आदल्या दिवशी धावतपळत सील निघालं.

"चूक झाली, साहेब," अधिकारी हात जोडून म्हणाले. "पण आतली एक वस्तूही हललेली नाही."

न्यायाधीशांनी कारागिराकडे पाहिलं. "खरं आहे?"

"खरं आहे, साहेब. सोळाही जोड तसेच आहेत. पण पोरांचे पाय वाढले ना! आता एकालाही होणार नाहीत."

"मग नवीन मापं घ्या. खर्च हे भरतील."

"काल संध्याकाळीच निघालो होतो, साहेब," तो सांगू लागला.



"पहिल्याच घरातली पोरगी म्हणाली, 'राहू दे काका, मला आता बसून राहायची सवय झालीय.'"