उलट्या पिळाची चटई

चटई पायाखालून निसटली आणि गुरुदास मास्तर त्या आठवड्यात चौथ्यांदा पडले. पडल्या जागीच त्यांनी घर्षण म्हणजे काय ते समजावून सांगायला सुरुवात केली. तारकर्लीच्या काथ्याच्या वर्गातल्या सोळा बायका हातातलं काम थांबवून ऐकत राहिल्या. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत घालवलेला माणूस उताणा पडला तरी शिकवायचं थांबवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यातल्या बऱ्याचजणी त्यांच्याच हाताखाली श्री गिरवून गेल्या होत्या.

“मास्तरानू, परवा सायबाक चटयेर उभो करू नकात,” रुक्मिणी म्हणाली. “तुमीच उभे रवा. तुमका सवय झाली आसा.”

परवा रत्नागिरीहून साहेब येणार होते. विश्रामगृहाच्या गुळगुळीत लाल कोब्यावर घालायला त्यांना चाळीस चटया हव्या होत्या. नमुना पसंत पडला तर पावसाळाभर सोळा घरांना काम होतं. नाही पडला तर वर्ग बंद करावा, असं वरून लिहून आलं होतं. आणि चटया होत्या की चारी कोपरे वर करून बसायच्या, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांसारख्या. जमिनीला टेकायचं ते नुसतं पोट. पाय पडला की होडी निघाली.

मास्तरांनी उपाय कमी केले नव्हते. कोपऱ्यांवर तीन दिवस चिरे ठेवले. चिरे उचलले, कोपरे पुन्हा उठले. खालून पेजेची खळ लावली. मुंग्या आल्या. मग रापण ओढणाऱ्या मच्छीमारांकडून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आणून कोपऱ्यांत शिवल्या. कोपरे बसले आणि मधलं पोट फुगलं. प्रत्येक उपाय यशस्वी का होणार, हे त्यांनी आधी फळ्यावर आकृती काढून सिद्ध केलं होतं. आकृत्या निर्दोष होत्या. साहेबांना चटईऐवजी फळाच दाखवावा, असं रुक्मिणीचं मत पडलं होतं.

उठताना मास्तरांनी आधाराला शेजारच्या चटईवर हात टेकला. ती हलली नाही. त्यांनी ढकलून पाहिली. तिचे कोपरे जमिनीला चिकटल्यासारखे होते. ते तिच्यावर उभे राहिले. मग साठीचा तो माणूस चटईवर चक्क दोन उड्या मारून बघता झाला. चटई जागची हलली नाही, मास्तरही पडले नाहीत. बायकांची थोडी निराशाच झाली.

ही कोणी विणली, असं त्यांनी विचारलं. कावेरी उठली आणि पहिलीतल्या मुलीसारखी हात मागे बांधून उभी राहिली.

“मास्तरानू, रागावू नकात. अर्धो सुंभ मियां घराक वळलंय. डाव्या हातान.”

वर्गाचा नियम साधा होता. काथ्याचा दोर उजव्या हाताने वळायचा, सगळ्यांचा पीळ एकसारखा. एकसारखेपणा हा मास्तरांचा अभिमान होता. उजव्या हाताने कावेरीचा दोर पुरा पडत नसे. उरलेला ती घरी डाव्या हाताने वळायची. उलटा पीळ मास्तरांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून एक दोर वर्गातला, एक घरचा, असा आळीपाळीने विणायची.

मास्तरांनी चटईची कड उसवून पाहिली. एक दोर एकीकडे ओढत होता, शेजारचा दुसरीकडे. दोघांच्या ओढाओढीत कोपऱ्याला उठायला सवडच नव्हती. बाकीच्या पंधरा चटयांत सगळे दोर एकाच बाजूला ओढत होते. तसं ओढायला त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं.

त्यांना आठवलं, याच पोरीच्या डाव्या हातातली पेन्सिल त्यांनी वर्षभर उचलून उजव्या हातात दिली होती. न मारता, न रागावता, हसत हसत. छडी न उगारणारे मास्तर म्हणून गावात त्यांचं नाव होतं.

साहेब आले. कावेरीच्या चटईवरून बूट घालून चालले, टाच दाबून वळले, आणि गणपतीच्या आत चाळीस हव्यात, उशीर झाल्यास काम दुसरीकडे जाईल, असं सांगून गेले.

आता निम्मा सुंभ उलट्या पिळाचा हवा होता. उजव्या हाताच्या बायकांनी करून पाहिला. त्यांच्या मुठीतच तो उलगडला. मास्तरांनी फळ्यावर हिशेब मांडला. गणपतीच्या आत पुरं करायचं तर पाच डावे हात लागत होते.

“खरं सांगा,” ते म्हणाले. “कावेरीशिवाय डावखुऱ्या कितीजणी आहात?”

सगळ्या खाली बघू लागल्या. डाव्या हाताने देवाला फूल वाहायचं नाही, पाहुण्याला पाणी द्यायचं नाही. तो हात आपला आहे हे चारचौघांत कोण सांगणार? रुक्मिणी बराच वेळ छपराची कौलं बघत होती. मग तिने तोंडातल्या तोंडात कसलीशी शिवी हासडली आणि डावा हात वर केला. मागून आणखी दोन हात भीतभीत वर आले.

कावेरी धरून चार. मास्तरांनी पुन्हा मोजले. चारच. वर्गात कोणी हसत नव्हतं, रुक्मिणीसुद्धा नाही.

मास्तरांनी उजव्या हातातला खडू खाली ठेवला आणि आपला डावा हात वर केला.