टाच

रेकॉर्डवरची सुई पुन्हा त्याच जागी अडकली. "अजून... अजून... अजून..." बाहेरच्या खोलीत गायिका तो एकच शब्द घोळवत राहिली. संघमित्राचे दोन्ही हात कणकेत होते. "आले गं बाई," ती गायिकेलाच म्हणाली. परातीवरून उठते न उठते तोच आवाज आला. थड्. गाणं पुढे सरकलं. मग पुन्हा एक थड्, जरा हलकं.

ती दारात आली. खोलीत विशू एकटीच होती. प्लेअरकडे पाठ, तोंड कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीकडे, आणि उजवी टाच नुकतीच जमिनीवर टेकलेली.

संघमित्रा तशीच कणकेच्या हातांनी खाली बसली. अडीच वर्षांची पोर. नावाने हाक मारली तर वळायची नाही. मागे ताट आपटलं तर पापणी लवायची नाही. चार दिवसांनी जळगावला कानाची तपासणी होती. आणि आज सुई अडकली हे तिला कळलं होतं, तेही पाठ असताना! बघून केलं म्हणावं, तर तेवढी शंका घ्यायलाही जागा नव्हती.

"अहो, तिला ऐकू येतं," तिने संध्याकाळी प्रशीलला दारातच सांगितलं.

प्रशीलने चपलाही काढल्या नाहीत. आधी विशूला उचललं.

प्लेअर त्यानेच आणला होता, धरणगावच्या शालिग्रामभाऊंकडून. त्यांच्या आई धुरपदाबाई वारल्या, तेव्हा भाऊंनी बारा लाँग प्ले रेकॉर्डही सोबत बांधून दिल्या. "मोबाइलवरचं गाणं कधी संपलं तेसुद्धा कळत नाही," प्रशील म्हणायचा. "याच्यापुढे बसावं लागतं. उठून बाजू पालटावी लागते." रोज संध्याकाळी तो प्लेअरपुढे मांडी घालून बसायचा. त्यातल्या भावगीतांच्या एका रेकॉर्डवर चरा होता. ती जागा आली, की तो आधीच बोटाने सुई अलगद उचलून पुढे ठेवायचा. वेताची खुर्चीही त्याच टेम्पोतून आली होती. तिची बैठक मधोमध खोल दबलेली, म्हणून तिच्यात कुणी बसत नसे.

पुढचे तीन दिवस संघमित्राने दुपारी तीच रेकॉर्ड लावली आणि स्वयंपाकघरात जाऊन कान देऊन उभी राहिली. दारात उभं राहायची सोय नव्हती. आई दिसली, की विशू पायाला येऊन बिलगायची. थड्, आणि मग हलकं थड्. दर वेळी दोनदा. पहिली टाच कामाची, दुसरी गमतीची, असं संघमित्राने ठरवून टाकलं. तीन दिवसांत एकदाही चूक नाही. तिसऱ्या दुपारी तिने तोंडात पदर कोंबला आणि मनसोक्त रडून घेतलं.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावरच्या सपाट रेघा दाखवल्या. दोन्ही कानांनी काही नाही. अगदी काही नाही.

"पण मॅडम, सुई अडकली की ती बरोबर टाच आपटते! पाठ असते तिची!"

"ताई, अशी मुलं दुप्पट बघतात," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "घरात कुणीतरी आपटत असणार. ती नक्कल करते."

"आमच्याकडे कुणी नाही आपटत. हे हाताने सुई उचलतात."

बाईंनी प्रशीलकडे पाहिलं. प्रशीलने मान खाली घातली. धुळ्याला घरी परतायची एसटी त्यांनी धरली. विशू खिडकीच्या काचेवर बोट फिरवत होती, गोल गोल.

दुसऱ्या दिवशी प्रशील कामावर गेल्यावर संघमित्राने शेवटचं म्हणून ती रेकॉर्ड लावली. वेडी आशा, दुसरं काय. पण पहिल्या कडव्यालाच तिला जीव नकोसा झाला. तिने स्वयंपाकघरात जाऊन शालिग्रामभाऊंना फोन लावला.

"भाऊ, तुमचा प्लेअर परत घेऊन जा. पैसे नकोत."

"का हो ताई? बिघडला का?"

"नाही. ते... ते एक गाणं सारखं अडकतं."

"अजून अजून वालं ना?" भाऊ हसले. "ती जागा खराबच शे, ताई. पण मनी माय, धुरपदाबाई, दुसरी रेकॉर्ड लावू देईल तर शपथ. बठ्ठा दिवस तेच गाणं, सकाळपासून रात्रीपर्यंत. शेवटी शेवटी दोन्ही हात गेले होते ना तिचे, सुई कशी उचलणार? तिथूनच टाच आपटायची, अन् सुई बरोब्बर पुढे."

"तिथून म्हणजे?"

"तिच्या खुर्चीवरून. दिली ना मी तुम्हाला, वेताची."

बाहेर गाणं अडकलं. "अजून... अजून..."

संघमित्राने फोन ओट्यावर ठेवला. पावलांचा आवाज न करता ती भिंतीशी सरकली आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

विशू खुर्चीसमोर उभी होती. मान खाली. खुर्चीपुढच्या रिकाम्या फरशीवर तिची नजर खिळली होती, आई पोळी लाटताना पोळपाटावर खिळायची तशी. दोन्ही पाय जुळवलेले, स्थिर.

थड्.

सुई सुटली. गाणं पुढे गेलं.

विशूने पाय उचलला तो त्यानंतर.