कुणी कुणाला आणलं

"रैहानून, तू बोलणार आहेस की नाही?" वस्तीच्या प्रमुखानं, केलियांगनं, तिसऱ्यांदा विचारलं.

बेरुगाकच्या, म्हणजे चौखांबी उघड्या मांडवाच्या, माच्यावर केलियांग आणि वस्तीतले जाणते मांडी घालून बसले होते, मधे कॉफीचे पेले होते. ती खाली उभी होती, गुडघ्यापर्यंत राखेनं माखलेली. शेजारी काठीवर तोल सावरत तिच्याबरोबरचा हमाल सहदान. त्याचा घोटा सुजून टम्म झाला होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वस्तीला एवढंच दिसत होतं की काल संध्याकाळी रिंजानीच्या ज्वालामुखीवरून फिरायला आलेले पाहुणे उतरले, हमाल उतरले, आणि ही दोघं उतरली ती आज उजाडल्यावर.

डोंगराखालच्या या सेंबालूनमध्ये मुलीला मागणी घालत नाहीत. घातलीच, तर बाप म्हणतो, माझी पोर म्हणजे काय कोंबडी वाटली? मुलानं तिला रात्री गुपचूप न्यायचं, नातेवाइकाकडे ठेवायचं आणि मग तिच्या घरी निरोप पाठवायचा, अशी रीत. चांगली रीत आहे. दोघांच्या मनात असलं तर फारच चांगली. पण मुलगी परक्या मुलाबरोबर रात्रभर बाहेर राहिली, तरी त्यानं तिला नेली असंच धरतात. मग कारण कुणी विचारत नाही, लग्नाची तारीख विचारतात.

रैहानूनला तारीख नको होती. गाईडचा परवाना मिळवणारी ती वस्तीतली पहिली मुलगी. पाहुण्यांना विवराच्या कडेवर नेऊन खालचं निळं तळं दाखवायचं, यापलीकडे तिला काही नको होतं. सहदानच्या घरात सुना लसणाच्या शेतात जात, डोंगरावर नाही. हे तिला ठाऊक होतं, आणि माच्यावर बसलेल्या प्रत्येकालाही.

काल कडेवरून उतरताना धुकं दाटलं आणि सहदानचा पाय निसटला. खांद्यावरची काठी एकीकडे, टोपल्या दुसरीकडे. तिनं पाहुण्यांना बाकीच्या हमालांबरोबर पुढे धाडलं आणि स्वतः मागे राहिली. जमलं तिथवर तो तिच्या खांद्याला धरून लंगडत आला. पुढे तेही जमेना, तेव्हा तिनं त्याला पाठुंगळी घेतलं. थोडं चालायची, खाली ठेवायची, दम खायची, पुन्हा उचलायची. लोकांचे तंबू आणि भांडी वाहण्यात ज्याचा जन्म गेला, तो पाठीवर शरमेनं तोंड लपवून होता. लसणाचं पहिलं शेत आलं तसा तो उतरला. "कुणाला सांगू नकोस," म्हणाला. "हमाल जन्मभर हसतील मला." तिनं शब्द दिला होता, म्हणून आता तोंड मिटून उभी होती.

"पोरं लाजतात हो," सहदानचे काका अमाक मुनिर म्हणाले. ते सकाळीच धुतलेली लुंगी नेसून आले होते. "आमच्या पोरानं नेली. आम्ही कुठं नाही म्हणतोय? पुढचं बोला."

माच्याच्या कडेला बसलेले रैहानूनचे वडील जमिनीकडे बघत होते. "डोंगरावर पाठवू नका म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं मला," ते हळूच म्हणाले. तिला ते सगळ्यात जास्त लागलं.

केलियांग सहदानकडे वळला. "तूच सांग बाबा. तू हिला नेलंस?"

एका 'हो'चं काम होतं. अमाक मुनिरांनी तर मान आधीच हलवली होती.

"नाही," सहदान म्हणाला. "हिनं मला आणलं. पाठुंगळी घेऊन."

मग मागे उभ्या असलेल्या हमालांत एकजण फिस्सकन हसला आणि सगळेच हसत सुटले.

"तंबू जड होता का गं, की सहदान?"

"मजुरी कुणी कुणाला द्यायची?"

सहदानचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही. "हसा. पोरीनं उचलून आणलेला हमाल म्हणा मला. पण केलियांग, जो उचलून नेतो त्यानंच नेलं म्हणायचं, अशीच रीत आहे ना? मग काल नेलं गेलं ते मला. तिला कुणी नेलेलं नाही."

केलियांग रीतीचा पक्का माणूस. त्यानं मिशीतलं हसू कॉफीच्या घोटाबरोबर गिळलं आणि गंभीर चेहरा केला. "खरं आहे. आणि नेणाऱ्याकडून निरोप यायचा असतो. रैहानून, या पोरासाठी तुझा काही निरोप?"

तिनं सकाळपासून पहिल्यांदाच सहदानकडे नीट पाहिलं.

"गुरुवारी मला पाहुणे घेऊन वर जायचंय," ती म्हणाली.

"म्हणजे नाही?"

"म्हणजे आज नाही."

वडील सरकले, माच्यावर जागा केली आणि आपला पेला तिच्यापुढे ठेवला. "बस. किती वेळ उभी आहेस," म्हणाले. तिचे डोळे भरून आले, पण ती बसली आणि कॉफी प्याली.

अमाक मुनिर पुतण्याला खांदा देऊन घरी नेताना वाटभर बडबडत होते. "गाढवा, दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस. रैहानून असं म्हणाली, रैहानूननं तसं केलं. आज सून आपसूक घरात येत होती, आणि तू सगळ्या वस्तीपुढे स्वतःचं हसं करून तिला परत पाठवलीस?"

"आपल्या पायांनी येईल तेव्हाच हवीय ती मला, काका," सहदान म्हणाला. "तोवर माझाही पाय बरा होईल."