तीनदा घेतलेलं नाव

"नाव सांगा," क्रेग चौथ्यांदा म्हणाला. "पूर्ण नाव. स्पष्ट आवाजात."

पडद्यावरच्या बाईने गाडीचं लायसन्स कॅमेऱ्यापुढे धरलं. "लिहिलंय ना यावर. वाच."

"मी वाचून चालत नाही, मॅडम. तुम्ही तोंडाने म्हणायचं असतं."

"नाही चालत तर नाही चालत," बाई म्हणाली आणि लायसन्स खिशात टाकून मोकळी झाली.

क्रेग ऑलिफंट ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात एका ऑनलाइन सट्ट्याच्या कंपनीत फसवणूक रोखणाऱ्या विभागाचा प्रमुख होता. घोडे, कुत्रे, फुटबॉल, लोक फोनवरून कशावरही पैसे लावत. लबाड माणसं दुसऱ्याच्या नावाने खाती उघडून त्यांतून चोरलेल्या बँक कार्डांवरचे पैसे फिरवून काढत. त्यांना पकडायला क्रेगने एक नियम आणला होता. खातं उघडताना फोनवर आपलं नाव तीनदा म्हणायचं, ते रेकॉर्ड होई. पुढे भानगड निघाली की पुन्हा तेच नाव म्हणायचं आणि यंत्र दोन्ही आवाज ताडून पाही. क्रेगचा माणसांवर भरवसा कमी, यंत्रावर जरा जास्तच. मेलबर्नहून येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, पण इथलं सगळं आपल्याला कळून चुकलंय असा त्याचा थाट असे.

या बाईच्या नावाने ऑक्टोबरात खातं उघडलं गेलं होतं. लायसन्स तिचं, जन्मतारीख तिची. त्या खात्यातून नऊ जणांची चोरलेली कार्डं फिरली होती. "मी जन्मात सट्टा लावलेला नाही," ती सांगत होती. लायसन्सची प्रत तिने एकदा फोनच्या दुकानात दिली होती, तिथूनच कुणाच्या तरी हाती लागली असणार. पण आवाज जुळवायला ती तयार नव्हती, आणि आवाज नाही म्हणजे प्रकरण पोलिसांकडे.

तसं झालं तर तिची नोकरी गेलीच म्हणून समजा. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये ती किडनीच्या पेशंटांना डायलिसिसला नेणारी गाडी चालवायची. नावावर गुन्हा असलेल्या माणसाला ते काम कोणी देत नाही. आत्ताही ती त्याच गाडीत होती, फोन स्टिअरिंगला टेकवून. मागे तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"नुंगराई, आटप की गं!" त्यातली एक ओरडली. "माझं रक्त धुवायचं राहिलंय. सारखं नाव काय विचारतोय मेला, लग्न करायचंय का त्याला तुझ्याशी?"

दोघी खदखदून हसल्या. तिसरी खिडकीबाहेर बघत राहिली.

नुंगराई हे तिचं नाव नव्हे. ती तिथल्या मूळ आदिवासींपैकी; त्या लोकांत कोण कोणाचं काय लागतं ते सांगणारं ते संबोधन. लायसन्सवरचं नाव मीही इथे लिहिणार नाही.

क्रेगचे कान लाल झाले. शेजारच्या खुर्चीवर एरिनी होती. ग्रीक घरातली, पण जन्माने डार्विनची, आणि बारा वर्षं हेच काम करणारी. ती पुढे वाकली. "बाई, तुम्ही नाव का घेत नाही?"

"चला, कोणीतरी विचारलं," नुंगराई म्हणाली. "ऑगस्टमध्ये माझी बहीण गेली, पोरी. चुलत, पण आमच्यात बहीणच. तिचं आणि माझं नाव एक. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही, म्हणून माझंही बंद. आता मला सगळे नुंगराई म्हणतात, नाहीतर कुमंजाई. ज्याचं नाव असं मिटतं, त्याला तेच म्हणायचं. माझी आईसुद्धा तसंच म्हणते. आणि मी ते तुमच्या यंत्राला ऐकवू?"

"एकदाच म्हणा," क्रेग म्हणाला. "तिथे गाडीत कोण ऐकतंय?"

"मागे तिची आई बसलीय."

म्हाताऱ्यांचं हसणं थांबलं होतं. एखाद्याने इथे विषय सोडला असता. क्रेगने तो ताणला.

"मॅडम, पोलिसांना ही गोष्ट पटणार नाही. खरं सांगू का, मलाही पटत नाही. चौदा ऑक्टोबरला तर तुम्हाला काही अडचण आली नव्हती." त्याने रेकॉर्डिंग उघडलं. "हे बघा, सगळं आहे इथे. तीनदा. खणखणीत. शेवटच्या वेळी तर हसत हसत. ऐकवू?"

एरिनीने त्याचा हात माऊसवरून सरळ बाजूला केला. "खबरदार लावलंस तर."

"अगं, पुरावा आहे तो!"

"आहेच," एरिनी म्हणाली. "तुला अजून कळलं नाही कशाचा ते."

नुंगराई कॅमेऱ्याजवळ आली. इतका वेळ ती ताठ बसली होती. आता तिचे डोळे चमकत होते, आणि राग त्यात होता तसा कौतुकाचाही अंश होता, गाढवाने पहिल्यांदाच कामाचं काहीतरी केल्यासारखा.

"थांब, पोरा. कधी म्हणालास? ऑक्टोबरात?"

"हो."

"तीनदा? हसत?"

"हो, म्हणजे..." क्रेग अडखळला.

"मग कर पोलिसांना फोन. आत्ता कर, माझ्यासमोर." तिने चावी फिरवली, गाडी घरघरली. "ऑगस्टपासून माझ्या आईच्या तोंडून जे नाव निघालेलं नाही, ते हसत हसत तीनदा घेणारी बाई मी कशी असेन रे?"