काठोकाठ कळशी

ठाण्याच्या गॅरेजमालकानं हौसेनं आपली गाडी जमिनीला टेकेस्तोवर खाली बसवून घेतली आणि आता दणके बसतात म्हणून मेकॅनिक दिपेशला धारेवर धरलं. "सोमवारपर्यंत जमव, नाहीतर दुसरीकडे काम शोध." खड्डा ओळखून आपोआप मऊ होणारं गाडीतलं महागडं सस्पेन्शन लॅपटॉपवर जुळवता जुळवता दिपेश पार आंबला. शेवटी गाडी त्यानं गावी सूर्यमाळला आणली. असे खड्डे ठाण्यातही नव्हते. दणके खाऊन बधिर झालेल्या स्वतःच्या कमरेवर भरवसा उरला नव्हता, म्हणून मागच्या सीटवर काठोकाठ भरलेली कळशी ठेवली, शेजारी आईला बसवलं आणि मोखाडा गाठलं. "सांडलं का गं?" "थेंबपण नाय." तिथूनच त्यानं मालकाला फोन केला, "जमलं, शेठ!" मग मागचं दार उघडलं. कळशी आईच्या मांडीवर होती, दोन्ही हातांनी कवटाळलेली. "ही सीटवर ठेवलेली ना?" "येडा का? चैतात पाणी कोण सांडू देतं?"