डाव्या पायाला काम नाही

“हीच घ्यायची,” टेस्ट ड्राइव्ह संपायच्या आधीच समीक्षाने ठरवून टाकलं. सेकंडहँड असली तरी सिंगल ओनर, बजेटात बसणारी, आणि ऑटोमॅटिक असल्यामुळे क्लचची कटकटच नाही. मागच्या सीटवर लेकीने, दिशाने आपली खिडकीही पकडून टाकली होती.

“डाव्या पायाला काम नाही, मागे घे तो,” शेजारी बसलेला तिचा नवरा प्रितम म्हणाला.

घाटकोपरच्या सिग्नलला गाडी अशी थांबली, की पोटातलं पाणी हललं नाही.

“झकास ब्रेक मारलास गं,” प्रितम म्हणाला.

समीक्षाने खुशीत खाली पाहिलं. डावा पाय सीटखाली आखडलेला होता. उजवा अजून ब्रेकपर्यंत पोचलाच नव्हता.

ब्रेक मात्र पार खाली दाबलेला होता.

सिग्नल हिरवा झाला आणि कुणी पाय उचलावा तसा तो सावकाश वर आला.