नावं गाळलेला निरोप

नववी ‘ब’च्या क्वांटम संगणकाच्या तासाला तोडसकर सर सरावासाठी शहराच्या रद्दीतले जुने कुलूपबंद निरोप देत. पूर्वीच्या संगणकांना जे कुलूप हजारो वर्षांत उघडलं नसतं, ते मुलं दहा मिनिटांत उघडत. निरोपांतली नावं तेवढी आधीच गाळलेली असत.

मृण्मयीने उभं राहून वाचलं, “डॉक्टर, मला कॅन्सर आहे हे मला कळलंय. पण ह्यांना सांगू नका. हे रोज पाकिटावरचं नाव ब्लेडने खरवडतात आणि पित्ताच्या गोळ्या म्हणून मला देतात. मीही पित्ताच्या म्हणून घेते.”

निरोप कोणाचा, ते सरांनी लगेच ओळखलं. आठ महिने त्यांनी ती पाकिटं खरवडली होती. बायकोला, सुमतीला, शेवटपर्यंत कळू दिलं नाही, या एकाच समाधानावर ते बारा वर्षं जगत होते.

“सर, ‘ह्यांना’ म्हणजे कोणाला?”

“नवऱ्याला. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत.”

“येडाच दिसतोय की हा नवरा!” मागच्या बाकावरून शार्दूल म्हणाला. वर्ग हसला.

“हो,” सर म्हणाले, आणि त्यांनी मृण्मयीला पैकीच्या पैकी गुण दिले.